पोटावरची वाट

माझ्या लेकीच्या पोटावर दोन वर्षांहून जास्त काळ एक भोक होतं, आधी डाव्या अंगाला, मग उजव्या. तिची शी त्या भोकातून यायची. हे असं सरळ सांगितलं की माणसं आजही तोंड वाकडं करतात. करू देत. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची शेंबडी नाकं पुसली आहेत, शी म्हणायला लाजायचं वय माझं कधीच गेलं. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तीच सांगायला बसले आहे.

आमचं गाव जामखेडच्या अंगाला, कोरडवाहू. घरात मोठी माणसं तीनच: नवरा, सासूबाई आणि मी. नवरा शेती करायचा, मी गावातल्याच शाळेत शिकवायचे. सातवी फायनल होऊन ट्रेनिंग केलेली मी त्या घरातली पहिली शिकलेली बाई, आणि त्याचा मला गर्व होता. होताच, खोटं कशाला बोलू? सासूबाई अंगठा उठवायच्या. मला 'मास्तरीन' म्हणायच्या. शाळेतून येऊन मी टेकले की "उटा समदी, मास्तरीन आली, पानी द्या" असं भिंतींना सांगायच्या आणि तांब्या स्वतःच भरून आणायच्या. आमचं पटायचं नाही. दोघींचीही तोंडं तिखट. नवरा रागीट, त्याचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून.

पहिल्या बाळंतपणाला मी नेवाशाला माहेरी जाणार होते, पण निघायच्या आधीच कळा सुरू झाल्या नि पोरगी सासरीच झाली. चांगली गोरीगोमटी, रडायला खणखणीत. पण तिचं पोट काही केल्या साफ व्हायचं नाही. आठ-आठ दिवस शी नाही, मग दहा-दहा दिवस. बेंबी फुगून बाहेर आली, तेव्हा सासूबाईंनी तिच्यावर बंदा रुपया ठेवून वरून फडकं बांधलं. आमच्याकडं सगळ्याच पोरांना बांधतात. दोन महिन्यांत बेंबी बसली, पण पोट तसंच फुगलेलं राहिलं. वर्षाची झाली तेव्हा पोट एवढं मोठं आणि हातापायांच्या नुसत्या काड्या. एरंडेल झालं, बाळहिरडा झाला, साबणाची कांडी झाली. कांडी सारली की सडसडून थोडं बाहेर यायचं, आणि इतका घाण वास की शेजारीण दार लावून घ्यायची. पुन्हा आठ दिवस काही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, यायची. तिच्या भाकरीनं मोठ्या माणसांची पोटं बांधायची, मग गावानं निकाल लावून टाकला की पोरीला मिलो बाधली. अहो, पोरगी त्याआधीपासून कुंथते आहे! पण पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस मी शाळेत असताना सासूबाई तिला शेजारच्या गावात घेऊन गेल्या आणि एका म्हाताऱ्याकडून बिब्ब्याचे डाग देऊन आल्या. "पोट फुगलंय, डब्बा झालाय, डागाबिगर जात न्हाई." मी घरी आले तर पोरीच्या पोटावर तीन काळे ठिपके, फोड आलेले, आणि पोरगी रडून रडून झोपलेली. मी त्या दिवशी सासूला नाही नाही ते बोलले. हातातली छत्री जमिनीवर आपटून मोडली. त्या पोरीच्या पोटावर खोबरेल लावत बसल्या. ही गोष्ट गावभर झाली, कारण गावभर करणारी मीच.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत पोरगी हिरवं ओकायला लागली. पोट दगडासारखं. नवरा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेला. मी आणि सासूबाई एसटीत बसून नगरला निघालो. मिशनच्या दवाखान्यात लहान पोरांचं बघतात असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. सगळ्या वाटेत पोरगी सासूबाईंच्या मांडीवर, कारण माझ्या हातात ती राहीनाच.

डॉक्टर पन्नाशीचे होते, कमी बोलणारे. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डाग पाहिले, माझ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "जन्मल्यावर पहिली काळी शी कधी केली हिनं?"

मला काय माहीत! मी बाजेवर अर्धमेली पडले होते. मी म्हणाले, "केली असेल, सगळी करतात तशी."

"न्हाई," सासूबाई मागून म्हणाल्या. "तिसऱ्या दिसाला दिवस बुडताना केली. दोन दिसांनी पाचवी पुजायची हुती, मी सटवाईला म्हनलं, पोर मोकळी कर तर नारळ फोडीन. तवा केली. तवर थेंब न्हाई."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला आणि खुर्ची वळवून त्यांच्याशीच बोलायला लागले. मी बाजूला उभी. दोन वर्षं आम्ही जे शोधत होतो ते या बाईला माहीत होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग मागच्या बाजूनं खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध सोडून पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आतड्याच्या शेवटच्या टीचभर भागात जन्मापासून नसाच नाहीत. तो भाग कायम आवळलेला राहतो. शी वरून येते आणि तिथं अडते, मग वरचं आतडं फुगत जातं. एरंडेलाच्या बाटल्या रिचवल्या तरी उपयोग नाही. तो तुकडा कापून काढायचा आणि चांगलं आतडं खाली आणून जोडायचं. पण ते ऑपरेशन पुण्याला लहान मुलांचे सर्जन करतील, आणि ते सोसायला पोरीच्या अंगात काही नाही. म्हणून आत्ता फक्त पोटावर वाट करून द्यायची. शी तिथून बाहेर पडेल, पोरगी खाईल, वाढेल, दहा किलोची होईल. मग पुणं. शेवटी पोटावरची वाट बंद.

नवऱ्याला निरोप धाडायला वेळ नव्हता. कागदावर मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ते बघितलं. पोटावर लालभडक, ओलं, रुपयाएवढं तोंड. वॉर्डातली सिस्टर आमच्याच जिल्ह्यातली, ख्रिस्ती, बोलायला खमकी. तिनं आम्हा दोघींना उभं केलं. "लाल आहे तोवर जिवंत आहे. काळं-जांभळं दिसलं की असाल तशा निघून या. रडताना आतडं बाहेर येईल, घाबरायचं नाही, ओलं फडकं ठेवून तळव्यानं हळूहळू आत सारायचं. वर सैल घडी ठेवायची. आवळून काही म्हणजे काही बांधायचं नाही." मग सासूबाईंकडं वळून म्हणाली, "म्हणून दाखवा बरं आजी." सासूबाईंनी पहिलीतल्या पोरीसारखं सगळं म्हणून दाखवलं, अगदी ओळीनं. मला वाटलं, आता मला विचारेल. तर म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजलं असेल."

घरी आल्यावर गाव लोटलं. "बघू, बघू." बायका फ्रॉक वर करून बघायच्या आणि पदर नाकाला लावून जायच्या. दिवसाला पंधरा-वीस फडकी लागायची, आणि गावात पाणी टँकरचं, रांगेतल्या दोन हंड्यांवर घर चालवायचं. मी सकाळी शाळेत जायचे ती पाचला यायचे. फडकी धुतली ती सासूबाईंनी. जुनी लुगडी फाडून घड्या केल्या. आपल्या आंघोळीचं पाणी फडक्यांना घालायच्या आणि स्वतः आठवडा-आठवडा तसंच राहायच्या. एकदा मीच म्हणाले, "आत्याबाई, अंगाला वास येतोय." त्या म्हणाल्या, "कुनाचा हाय त्यो वळखला का न्हाई?" तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

पण पोरगी सुधारली हो! महिन्याभरात पोट खाली गेलं. चालायला लागली, मग पळायला. भाकरी कुस्करून ताटलीभर खायची. त्या पोटावरच्या वाटेतून वारा सरला की आवाज व्हायचा, आणि आजी म्हणायची, "बया! ह्या तोंडानं खाती, त्या तोंडानं बोलती. दोन तोंडाची हाय मास्तरनीची लेक, सासू टिकायची न्हाई हिच्यापुढं." पोरगी खिदळायची. दर पंधरा दिवसांनी आम्ही तिला रेशनच्या दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर बसवायचो. फाल्गुनात काटा दहाच्या पुढं गेला आणि मी दुकानातच रडले. डॉक्टरांनी पुण्याला पत्र घातलं. वैशाखातली तारीख मिळाली.

त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी नेवाशाला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

भावाच्या हातचं कार्ड आलं, मजकूर आईचा. "लग्नास जरूर येणे. मुलीस तिच्या आजीपाशी ठेवून आल्यास बरे. नव्या सोयऱ्यांत चर्चा नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुला अधिक लिहिणे नलगे." वाचून माझं माथं भडकलं. माझी लेक म्हणजे काय खरूज आहे, झाकायला? मी नवऱ्याला म्हणाले, न्यायची म्हणजे न्यायचीच. सगळ्यांदेखत मांडवात फिरवीन. नवऱ्याला माझं पहिल्यांदाच पटलं. सासूबाईच म्हणाल्या, "पुन्याला न्यायची हाय पंधरा दिसांवर. कशाला हलवायची? म्या ऱ्हाते हिच्यापाशी." मी ऐकलं नाही. मग त्याही आल्या, फडक्यांचं गाठोडं घेऊन.

आणि इथं माझी खरी तऱ्हा बघा. गावाकडून निघताना मी वाघीण होते. माहेरच्या दारात पाय ठेवला, आईनं पोरीकडं बघून नुसता सुस्कारा सोडला, आणि माझी वाघीण गेली कुठल्या कुठं. नवऱ्या मुलाकडची माणसं बागाईतदार, उसाची. बहिणीनं मला आत बोलावून हळूच विचारलं, "ताई, वास नाही ना येणार गं?" तिचा चेहरा एवढासा झाला होता. हे दुखणं आईच्या बाजूचं, रक्तातलं, म्हणजे उद्या हिच्याही पोरांना होईल, असं कुणी बोललं तर मांडवातच लग्न मोडायचं, ही भीती त्या घरात सगळ्यांना होती. कुणी मला बांध म्हणालं नाही. हे मी नीट लिहून ठेवते: कुणीही नाही.

लग्नाच्या सकाळी मी पोरीला न्हाऊ घातलं. डोळ्यांत साबण गेला, ती किंचाळली आणि आतडं दोन बोटं बाहेर आलं. मी आत सारलं. ती पुन्हा रडली, ते पुन्हा बाहेर. बाहेर वाजंत्री सुरू झालेली. नवा पिवळा फ्रॉक अंथरून ठेवलेला. देवापुढच्या ताटात ओवाळायला काढलेला बंदा रुपया होता. मला बेंबी आठवली. दोन महिने बांधला होता तेव्हा बसलीच की! तीन तासांचा तर प्रश्न आहे. मी आतडं आत सारलं, त्यावर रुपया ठेवला, वर घडी, आणि भावाच्या धोतराची पट्टी फाडून पोटाभोवती तीन वेढे दिले, घट्ट. पोरगी म्हणाली, "आई, टोचतंय." मी म्हणाले, "थोडा वेळ. शहाणी ना तू?" वरून घट्ट चड्डी, वरून फ्रॉक. काही म्हणता काही दिसत नव्हतं. मी तिला सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि सांगितलं, "आत्ताच बदललंय, सोडू नका."

काय सुंदर दिसत होती! बायका गाल ओढत होत्या. नव्या विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं, पेढा दिला. मी बहिणीच्या मागं उभी राहून हे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, म्हणून जास्त चीड येते.

अक्षता पडायच्या आधी सासूबाई आल्या. "पोर किरकिर करतीया." मी म्हणाले, भूक लागली असेल. अक्षतांनंतर पुन्हा आल्या. "घाम आलाय हिला, जरा बग की." मी म्हणाले, उकाडाच आहे, सगळ्यांना आलाय. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा पंगत बसली होती नि माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. "अगं, सोडून बगू का?" मी दातओठ खाऊन म्हणाले, "आत्याबाई, सगळ्यांसमोर तमाशा करू नका." त्या गेल्या. जेवणं उरकेपर्यंत पोरगी त्यांच्या खांद्यावर ओकली. हिरवं.

आतल्या खोलीत त्यांनीच वेढे सोडले. पोट टरारून फुगलेलं. घडी काढली, रुपया दिसला. रुपयाच्या कडेनं आतडं फुगून वर आलं होतं आणि त्याचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कुनी?" मी म्हणाले, "मी." त्यांनी रुपया उचलून कनवटीला खोचला आणि म्हणाल्या, "नवऱ्याला हाक मार. गाडी बग म्हनावं."

गाडी दिली ती नवरदेवाकडच्यांनी. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांचीच जीप, त्यांच्यातलाच एक मुलगा चालवायला. तो वाटेत एवढंच म्हणाला, "ताई, आधी सांगितलं असतं तर तुम्हाला मांडवात थांबूच दिलं नसतं, तेव्हाच दवाखान्यात पोचवलं असतं." पोरगी आता रडत नव्हती. नगर यायला दीड तास लागला असेल. मी तिचे पाय धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं: मी मारली, मी मारली.

डॉक्टरांनी बघितलं आणि सिस्टरला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. मग पट्टीचा वळ बघत विचारलं, "हे आवळून कुणी बांधलं?"

आवाज चढवलेला नव्हता. नवऱ्यानं माझ्याकडं मान वळवली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, काय बोलणार होते देव जाणे.

"म्या बांधलं," सासूबाई म्हणाल्या. कनवटीचा रुपया काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "बेंबीला बांधत्यात तसा बांधला. भाईर येत हुतं सारखं."

"आधी डाग, आता हे," डॉक्टर म्हणाले. "आजी, तुम्हाला शिकवून पाठवलं होतं ना?" सिस्टर पुढं आली. म्हणाली, "तुम्ही म्हणून दाखवलं होतं की हो सगळं!" सासूबाईंनी मान खाली घातली. मी मूग गिळून उभी राहिले. कुणालाच शंका आली नाही. का येईल? डागाची गोष्ट मीच गावभर आणि या दवाखान्यातही केली होती, आणि मी तर मास्तरीण.

पोरीला आत नेलं. आवारात नवऱ्यानं आईचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "मारलीस तू माझी पोरगी! पुन्हा तिला हात लावलास तर हात तोडीन." लोक बघत होते. तो गेटकडं निघून गेल्यावर मी नळापाशी त्यांच्याजवळ गेले. त्या चूळ भरत होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, मी सांगते त्यांना."

"काय सांगतीस? त्यो उभी चिरंल तुला. मी आय हाय त्याची, मला लई तर बोलंल. तुला नांदायचंय अजून." पदरानं तोंड पुसलं. "आन पोरीला आय पायजे. आजी नसली तरी चालतंय."

"पण तुम्ही..."

"गप ऱ्हा गं. आता गप ऱ्हा. मगा बोलायचं तवा बोलली न्हाईस."

काळं पडलेलं आतडं कापून काढावं लागलं. नवी वाट उजव्या अंगाला, आणखी वर केली. पाच दिवस पोरगी आहे की नाही हे आम्हाला कळत नव्हतं. सहाव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. पुण्याची तारीख गेली, आणि दीड वर्ष लांबली. उजव्या अंगाची वाट जास्त वाईट, तिथून सारखं पातळ यायचं आणि कातडी सोलवटून निघायची. फडकी तिसावर गेली. ती आता मी धूत होते, बिनपगारी रजा टाकून. नवऱ्यानं आईला गोठ्याशेजारच्या खोलीत घातलं होतं, पोरीला शिवायची बंदी. पोरगी "आजीकडं, आजीकडं" म्हणून टाहो फोडायची, आणि सासूबाई पलीकडून ओरडून सांगायच्या, "खोबरेल नगं, ताकाची निवळी लाव. घडी सैल हाय न्हवं?" ज्या बाईला सगळ्यात जास्त कळत होतं तिलाच आम्ही लांब ठेवलं. आम्ही कशाला म्हणू, मी ठेवलं.

बोलणार होते मी. पोरगी बरी झाली की बोलेन, असं ठरवलं होतं. मग पुण्याचं ऑपरेशन होऊ दे म्हटलं. ते झालं, चांगलं आतडं खाली जोडलं गेलं. मग वाट बंद होऊ दे म्हटलं. तीही झाली. लेक जगली. आज तिचा संसार आहे, फक्त कुठं बाहेर जेवायला जायचं म्हटलं की ती आधी संडास कुठं आहे ते बघून घेते. सासूबाई जाऊन फार वर्षं झाली, मागोमाग नवराही गेला. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा तिला कळेल, आणि ही पुढची गोष्ट तिला माझ्याइतकीच आठवत असेल.

ती पहिलीत होती. रविवारी मी अंगणात तिला न्हाऊ घालत होते. शाळेतल्या पोरींनी तिच्या पोटावरचे वण बघून तिला चिडवलं होतं, म्हणून ती रुसलेली. सासूबाई पाच हातांवर उन्हात तूर निवडत बसल्या होत्या. पोरगी म्हणाली, "आई, सगळे म्हणतात आजीनं मला पैसा बांधला आणि मी मरणार होते. आजीनं का बांधला?"

सासूबाईंचा हात थांबला. नवरा घरात नव्हता. आम्ही तिघीच होतो. कुणीही अडवणारं नव्हतं, भ्यायला कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मला मोकळं सोडलं. एक वाक्य बोलायचं होतं मला.

मी म्हणाले, "अगं, आजीला कळलं नाही. शिकलेली नाही ना ती."

पोरगी तशीच ओली, उघडी, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

"चुकलं माझं, बये," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सहा वर्षांच्या पोरीपुढं दोन्ही हात जोडले. "लई चुकलं. पुन्यांदा न्हाई लावायची."

पोरगी माझ्याकडं परत आली. मी टॉवेल घेतला आणि तिचे केस पुसायला लागले.